बाबांचा २०१९ चा फोन: दीड वर्षाच्या देखभालीचा हिशेब

जून २०२४. सरकी टोबून झाली होती, पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, आणि बाबा फोन घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. शेतीच्या एका ॲपची नवी आवृत्ती त्यांच्या फोनवर चढत नव्हती. "ह्यो फोन जुना झाला म्हणते. जुना कायचा? काच तं पाह्य!" काचेवर खरंच एक ओरखडा नव्हता. २०१९ च्या दिवाळीत घेतलेला फोन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, रेक्झिनच्या पाकिटात दोरी लावून गळ्यात. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर कंपनीकडून आलेली शेवटची सुरक्षा दुरुस्ती मे २०२२ ची. म्हणजे दोन वर्षं फोन उघड्यावर पडला होता आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं.

नवा बरा फोन साडेनऊ हजारांच्या खाली मिळत नव्हता. बियाणं, खत, निंदणाची मजुरी असा तो हंगाम. म्हणून त्याच फोनात दुसरी, अजून दुरुस्त्या मिळणारी सिस्टिम टाकायच्या वाटेला मी लागले.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वर्धा जिल्हा. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, झेरॉक्सचं काम करते. कॉम्प्युटर विषय घेऊन बीएस्सी केलं, त्याला आता सात वर्षं झाली. हे सांगते एवढ्यासाठी की हे काम करायला मोठं शिक्षण लागत नाही. वेळ लागतो, आणि सूचना शेवटपर्यंत वाचायची सवय लागते. मला सुरुवातीला मराठीत मिळाले ते फक्त "पाच मिनिटांत जुना फोन नवा" असे व्हिडिओ. फोनमध्ये दुसरी सिस्टिम टाकणं हे एका रात्रीचं काम आहे. ती पुढं महिनोन्‌महिने चालू ठेवणं म्हणजे काय असतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथं लिहिते.

मी निवडली ती लिनिएजओएस. सायनोजेनमॉड नावाचा जुना प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला, त्याच्या मागं राहिलेल्या स्वयंसेवकांनी लगेच ही सुरू केली. अँड्रॉइडचा जो भाग सगळ्यांसाठी खुला आहे, त्यावर ती बनते. प्रत्येक फोनसाठी वेगळं पान असतं, वेगळी फाइल असते. तुमचा फोन त्या यादीत नसेल तर तिथंच थांबा. "जवळपास तसाच" दुसऱ्या फोनची फाइल चढवून फोन कायमचे गेलेले मी दुकानात दोनदा पाहिलेत.

पहिली पायरी बूटलोडर अनलॉक, म्हणजे दुसरी सिस्टिम चढू न देणारं कंपनीचं कुलूप उघडणं. त्यासाठी कंपनीच्या साइटवर खातं उघडायचं, फोन त्या खात्याला जोडायचा, सिम त्याच फोनात हवं, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जोडणी करायची, मग विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंपनीचं साधन उतरवून फोन केबलनं लावायचा. सोमवारी, २४ जूनला संध्याकाळी हे सगळं केलं. पडद्यावर उत्तर आलं: १६८ तासांनी पुन्हा प्रयत्न करा. पूर्ण सात दिवस. मधल्या काळात खात्यातून बाहेर पडलात किंवा सिम काढलंत तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं, म्हणून आठवडाभर बाबांना फोनला हात लावताना मी दहादा टोकलं.

ते सात दिवस मी बॅकअपला वापरले. अनलॉक होताना फोन कोरा होतो. बाबांचे ३१२ नंबर फोनात होते, सिमवर एकही नव्हता. "टॅक्टरवाला बुटीबोरी", "सरकी दुकान", "नामदेव आजोबा जावई" अशी नावं. ती गेली असती तर बाबांचं अर्धं गणगोत गेलं असतं. नंबरांची फाइल करून लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवली. आजीचे फोटो वेगळे काढले. बॅटरी दुपारनंतर बसत होती, ती हिंगणघाटला ७५० रुपयांत बदलली. जुनी केबल हलवली की जोड तुटायचा, म्हणून १८० रुपयांची चांगली केबल घेतली. केबलवर पैसे वाचवू नका. अर्ध्या फाइलवर जोड तुटला तर पुढचं सगळं बिघडतं.

१ जुलैला दुपारी बसायचं ठरवलं तर लाइन गेलेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, तेवढ्यावर हे काम सुरू करायचं धाडस झालं नाही. रात्री नऊला लाइन आली. अनलॉक झाला, रिकव्हरी (सिस्टिम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) चढली, आणि मुख्य फाइल पाठवायला सुरुवात केली. लॅपटॉपवर टक्के मोजले जात होते. तेरा, बावीस, एकतीस, चव्वेचाळीस. सत्तेचाळीसवर आकडा थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं. बाबा बाजेवर बसून माझ्या तोंडाकडं पाहत होते.

"फोन मेला का व?"

मी काहीच बोलले नाही. हात केबलकडं गेला होता. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर लक्ष गेलं. तिथं बारीक ओळी एकेक करत खाली सरकत होत्या. काम चालूच होतं. अजून थोड्या वेळानं लॅपटॉपवर काम झाल्याची ओळ आली. नंतर पाहिलं तर सूचनांच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं होतं की काही वेळा आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि तरी काम यशस्वी होतं. मी घाईत ती ओळ वगळली होती. केबल ओढली असती तर? त्या दिवसापासून मी प्रत्येक फोनचं पान आधी छापून घेते आणि पेननं ओळीओळीवर खूण करत जाते.

आणखी एक गोष्ट त्याच रात्रीची. गुगलच्या सेवा हव्या असतील तर त्या वेगळ्या टाकाव्या लागतात, आणि नवी सिस्टिम पहिल्यांदा सुरू करण्याआधी. शेतीची ॲप्स त्यांच्याशिवाय चालत नाहीत म्हणून मी टाकल्या. ई-पीक पाहणीपासून पीएम-किसानच्या केवायसीपर्यंत शेतकऱ्याचं आता सगळं फोनवर आलंय. माझ्या तत्त्वासाठी बाबांचं काम अडवणं मला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की एका सिमवरून फोनच लागत नाही. जिओच्या जाळ्यात २जी-३जी नाही, सगळे कॉल ४जीवरूनच जातात. म्हणजे व्हीओएलटीई, ही ४जीवरून बोलायची सोय, चालली नाही तर बोलणं बंद. दुसरं सिम २जीवर उतरून चालत होतं म्हणून आधी लक्षात आलं नव्हतं. चूक माझीच होती. फोनच्या पानावर कंपनीचं कोणतं फर्मवेअर आधी असायला हवं ते लिहिलं होतं आणि बाबांच्या फोनात त्याच्या दोन पायऱ्या मागचं होतं. मॉडेम, कॅमेरा यांना चालवणारा कंपनीचा बंद भाग असतो, लिनिएजओएस तो बनवत नाही, फक्त त्याच्याशी बोलते. तो भाग जुना असला की असं होतं. परत कंपनीची शेवटची सिस्टिम चढवली, फर्मवेअर पुढं नेलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. चार दिवस गेले. फर्मवेअर पुढं नेता येतं, मागं नेताना काही फोन कायमचे बंद पडतात, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मग बँकेचं ॲप. उघडलं आणि "हे उपकरण सुरक्षित नाही" म्हणून बंद झालं. गुगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी असते. तिच्या बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग अशा पायऱ्या आहेत. कंपनीनं सही केलेली सिस्टिम नसेल तर वरच्या पायऱ्या पार होत नाहीत, आणि बँक कोणती पायरी मागते ते बँक ठरवते. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या नेटवर भरपूर मिळतात. मी त्यात पडले नाही. आज चाललेली युक्ती उद्या बंद होते, आणि कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात तिथं मला जुगाड नको होता. १,२५० रुपयांचा बटणांचा फोन घेतला, बँकेशी जोडलेलं सिम त्यात टाकलं, *९९# वरून शिल्लक पाहायला आणि पैसे पाठवायला बाबांना शिकवलं. दोन आठवडे ते माझ्यावर नाराज होते. रागावणं साहजिक होतं. एका फोनचे दोन झाले होते. तेव्हापासून माझा नियम ठरला: ज्याचा बँकेचा सगळा व्यवहार एकाच फोनवर आहे, त्याच्या फोनला हात लावायचा नाही.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. दर आठवड्याला नवं बिल्ड, म्हणजे सिस्टिमची ताजी बांधलेली फाइल, येई, मी पारावर बसून उतरवून घेई, कारण गावात नेट पारावरच धड लागतं. मामांचा आणि शेजारच्या काकूंचा फोन नेमका तोच निघाला, त्यांचेही केले. दुसऱ्या मॉडेलचे दोन. असे पाच फोन झाले.

पहिला धडा ब्राउझरनं शिकवला. रोजच्या दीड जीबी डेटात जाहिराती परवडत नाहीत, म्हणून बाबांच्या फोनात मी मल नावाचा ब्राउझर ठेवला होता. फायरफॉक्सच्या कोडवर बनवलेला, पाळत ठेवणारे भाग काढलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सहज त्याचा आवृत्ती क्रमांक पाहिला आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. शोधलं तेव्हा कळलं, डिसेंबर २०२४ मध्येच तो बंद झाला होता. मल आणि त्याच्यामागची डायव्हेस्टओएस ही फोनची सिस्टिम, दोन्ही मुख्यतः एकाच माणसानं अनेक वर्षं सांभाळली होती. तो थांबला, दोन्ही थांबलं. मला त्या माणसाबद्दल आदरच वाटतो. पण बाबांच्या फोनात ते चिन्ह तसंच होतं, दाबलं की उघडत होतं, बातम्या दिसत होत्या. बंद पडलेला ब्राउझर आपण बंद पडलोय असं सांगत नाही. कीड आत लागलेलं बोंड बाहेरून हिरवंच दिसतं, तसं.

ब्राउझरचं काम इतकं अवघड का, हे मला तेव्हा समजलं. क्रोमियम (गुगलच्या क्रोमचा खुला कोड) आणि फायरफॉक्स, दोन्हींची नवी आवृत्ती तेव्हा साधारण दर चार आठवड्यांनी येत होती. पर्यायी ब्राउझर सांभाळणाऱ्याला स्वतःचे सगळे बदल दर वेळी त्या नव्या कोडवर पुन्हा बसवावे लागतात. क्रोमियम बांधायलाच डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा लागते. आणि तो तीन आठवडे मागं पडला, तर मूळ ब्राउझरमध्ये बुजवलेली भोकं जगाला दिसलेली असतात आणि त्याच्या वापरणाऱ्यांकडं ती तशीच उघडी असतात. जानेवारी २०२५ मध्येच किवी हा दुसरा लोकप्रिय ब्राउझरही बंद झाला. मी बाबांना फेनेक या फायरफॉक्सवरच बनलेल्या ब्राउझरवर आणलं, चौदा बुकमार्क हातानं उतरवले. एका पोर्टलवर फेनेकमध्ये कॅप्चाचं चित्र उमटत नव्हतं, म्हणून फॉर्मपुरता क्रोमियमवर बनलेला क्रोमाइट सोबत ठेवला. पाचही फोनांवरच्या ब्राउझरचे क्रमांक महिन्यातून एकदा वहीत लिहायचे, हे तेव्हा सुरू केलं.

ॲपच्या आत जी वेब पानं उघडतात ती वेबव्ह्यू नावाचा भाग उघडतो, तोही ब्राउझरच. सिस्टिमसोबत आलेला वेबव्ह्यू सिस्टिमच्या बिल्डसोबत ताजा होतो. बिल्ड थांबली की तोही तिथंच थांबतो.

आणि फेब्रुवारीतच बिल्ड थांबली. आमच्या तीन सारख्या फोनांसाठी. फोनच्या पानावर खूण आली की आता याची देखभाल होत नाही. म्हणजे तो फोन हातात घेऊन, रात्री जागून, पगाराशिवाय हे काम करणारं कुणीतरी होतं आणि आता नव्हतं. त्याचा फोन फुटला असेल, नोकरी लागली असेल, लेकरू झालं असेल. त्याचे आभार मानायलासुद्धा मी उशीर केला होता.

आमच्या गावाला हे नवीन नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. आईकडं चार वर्षं जिओफोन होता. त्यात कायओएस होती, तिचं मूळ मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमध्ये. मोझिलानं फोनसाठीचं ते काम २०१६ मध्ये सोडलं, दुसऱ्यांनी तोच खुला कोड उचलला आणि पुढच्याच वर्षी तो भारतातल्या खेड्यापाड्यांत पोचला. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तिला भजनं ऐकायला मिळत होती. एकानं सोडलेलं दुसऱ्यानं उचललं म्हणून मिळत होती.

मी तीन पर्याय वहीत लिहिले. एक, फोन परत कंपनीच्या २०२२ च्या सिस्टिमवर न्यायचे. दोन, नवे घ्यायला सांगायचं. तीन, बिल्ड स्वतः बांधायची. आठवडाभर तिसऱ्या ओळीसमोर काही लिहिता आलं नाही. मी कॉलेजात सी भाषेतले प्रोग्रॅम केले होते, त्यापलीकडं काही बांधलं नव्हतं. गुगलच्या कागदपत्रांत अँड्रॉइड बांधायला ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी डिस्क सांगितलीय. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क. दीडशे जीबी कोड रोजच्या दीड जीबीनं उतरवायचा तर शंभर दिवस. म्हणून तासावर भाड्यानं मिळणारा सर्व्हर. कोड तिथंच उतरतो, तिथंच बांधला जातो, गावात आणायची ती फक्त शेवटची एक जीबीची फाइल.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं. परदेशी ऑनलाइन व्यवहार कार्डावर बंद होते. शाखेत जाऊन अर्ज दिला, आधारची झेरॉक्स जोडली, चौथ्या दिवशी सुरू झालं. तुम्हीही हे आधी करून ठेवा आणि मर्यादा कमी ठेवा, मी २,००० ठेवली.

८ मार्चला पहिला प्रयत्न. पैसे वाचवायला डिस्क २०० जीबीची घेतली, तीन तासांनी ती भरली आणि सगळं थांबलं. दुसऱ्या दिवशी ४०० जीबीची घेतली. ७१ टक्क्यांवर लाल ओळ: कॅमेऱ्याची एक फाइल सापडत नाही. कंपनीचे बंद भाग स्वतःच्या फोनातून एका स्क्रिप्टनं काढून घ्यावे लागतात, त्यात ती सुटली होती. लाल ओळ समजून घेताना सर्व्हरचं मीटर चालू असतं, तो ताण वेगळाच. त्यावर उपाय सापडला तो साधा: चूक आली की ओळी लॅपटॉपवर उतरवायच्या, सर्व्हर बंद करायचा, घरी शांतपणे वाचायचं. कोड पुन्हा उतरवायला दोन तास लागतात, पण उतरवताना जुना इतिहास वगळला की वेळ आणि जागा दोन्ही वाचतं. १५ मार्चला तिसऱ्या प्रयत्नात पाच तास चाळीस मिनिटांत फाइल तयार झाली. त्या महिन्यात सर्व्हरवर जीएसटी धरून १,९४० रुपये गेले. पुढं दर महिन्याला ३५० ते ४५० च्या आत बसायला लागलं.

सहीच्या किल्ल्यांबद्दल थांबून सांगते, कारण इथं चूक झाली तर नंतर दुरुस्त होत नाही. प्रत्येक बिल्डवर डिजिटल सही असते. कोडसोबत ज्या चाचणीच्या किल्ल्या येतात त्या जगभर सगळ्यांकडं आहेत. त्यांनी सही केलेली सिस्टिम कुणालाही नकली करता येते. म्हणून स्वतःच्या किल्ल्या बनवायच्या. त्या हरवल्या तर पुढची बिल्ड जुन्यावर चढत नाही, फोन पुन्हा कोरा करावा लागतो. चोरीला गेल्या तर त्याहून वाईट. माझ्या किल्ल्या दोन पेन ड्राइव्हवर आहेत. एक लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरा कुठं आहे ते पुढं येईल. अधिकृत बिल्डवरून माझ्या बिल्डवर येताना सही बदलली, म्हणून तिन्ही फोन एकदा कोरे करावे लागले. मामांना आणि काकूंना दोन दिवस आधी सांगितलं, काय काय जाणार त्याची यादी कागदावर दिली.

चाचणीला वेगळा फोन हवाच. तोच मॉडेल, काचेचा खालचा भाग फुटलेला, नागपुरात सीताबर्डीवर १,८०० ला मिळाला. बाबांच्या फोनवर कोणतीही फाइल या फोनवर तीन दिवस चालल्याशिवाय गेलेली नाही.

तो फोन नसता तर पहिल्याच बिल्डनं सगळ्यांना त्रास झाला असता. अधिकृत बिल्ड लिनिएजओएस २१ ची होती, म्हणजे अँड्रॉइड १४. मी बांधली २२, अँड्रॉइड १५ ची. बोटाचा ठसा चालेना. नोंदीत "एव्हीसी डिनाइड" अशी ओळ परत परत येत होती. कुठल्या प्रोग्रॅमनं कशाला हात लावायचा याचे नियम एसईलिनक्स ठेवतं, नव्या आवृत्तीत ते बदलले होते आणि ठसा वाचणाऱ्या भागाला दारातच अडवलं जात होतं. नेटवर सगळीकडं एकच सल्ला: एसईलिनक्स ढिलं करून टाका. म्हणजे एक खोली उघडेना म्हणून वाड्याची सगळी दारं काढायची. काकूंचा फोन माझ्या भरवशावर होता, मला ते करवलं नाही. एका ओळीचा नियम लिहायला मला सोळा दिवस लागले. बाबांना ठशाचा उपयोग तसाही नव्हता. कापूस वेचून बोटांना चिरा पडल्या की त्यांचा अंगठा कुठलंच यंत्र ओळखत नाही. पण मामा पिन विसरतात.

ती ओळ त्याच चिपच्या दुसऱ्या फोनांनाही लागणारी होती, म्हणून लिनिएजओएसच्या गेरिट या तपासणीच्या जागी पाठवली. पहिल्यांदा उणे एक मिळाला: बदल का केला ते नीट लिहिलेलं नाही, शीर्षक लांब आहे. मला वाईट वाटलं, मग परत वाचलं तर बरोबरच होतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला ही ओळ का आहे ते कळायला हवं. तिसऱ्या वेळी मान्य झाली. एकूण एकोणीस दिवस.

तेव्हापासून महिन्याचं चक्र असं. साधारण पहिल्या सोमवारी अँड्रॉइडची सुरक्षा सूचना येते. हा महिन्याचा रिवाज ऑगस्ट २०१५ पासूनचा. लिनिएजच्या कोडमध्ये त्या दुरुस्त्या यायची वाट पाहते. शनिवारी रात्री सर्व्हर. रविवारी फुटक्या फोनवर. वहीतली यादी: दोन्ही सिमवरून कॉल, ओटीपीचा एसएमएस, कॅमेरा, हॉटस्पॉट, पहाटेचा गजर, रात्रभराचं चार्जिंग, आणि धुऱ्यावर उभं राहून जीपीएस. पुढच्या रविवारी बाकीचे.

काही गोष्टी मला जमत नाहीत, त्या मी सगळ्यांना आधीच सांगते. लिनिएजच्या ट्रस्ट नावाच्या पानावर दोन तारखा दिसतात. एक सिस्टिमची, ती मी पुढं नेते. दुसरी कंपनीच्या बंद भागाची, ती मे २०२२ वरच आहे आणि तिथंच राहणार. फोनचं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ४.१४ चं, त्याची जागतिक देखभाल जानेवारी २०२४ मध्ये संपली. मोठ्या दुरुस्त्या इतरांनी मागं आणून बसवलेल्या असतात त्या मी घेते, सगळ्या मिळत नाहीत. हा फोन २०२२ च्या अवस्थेतल्या फोनपेक्षा पुष्कळ बरा आहे. नव्या फोनइतका सुरक्षित नाही. पेन्शन सुरू झाल्यावर काकूंना तिचं काम फोनवरच करायचं होतं, तेव्हा ऑगस्टमध्ये मी स्वतःच त्यांना नवा घ्यायला सांगितला.

त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिक्सओएस या अशाच दुसऱ्या सिस्टिमनं काम काही महिने थांबवत असल्याचं जाहीर केलं. मुख्य माणसं बाहेर पडली होती, सहीच्या किल्ल्यांची व्यवस्था नव्यानं लावायची होती. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, चांगली माणसं असलेला प्रकल्प. वाचून मी कपाटातली पिशवी उघडून पाहिली.

ऑक्टोबरचं बिल्ड माझं चुकलं. सोयाबीन पावसात सापडलं होतं, ते ताडपत्रीखाली ओढताना भिजले आणि बारा दिवस तापानं पडून राहिले. मामा दोनदा विचारून गेले, "औंदा अपडेट नाई आलं व?" चार फोन, आणि माझ्याशिवाय कुणाला काही माहीत नाही. खाटेवर पडल्या पडल्या मला मलचं ते चिन्ह आठवत राहिलं.

उठल्यावर पहिलं काम मामेबहिणीला बोलावणं. ती वर्ध्याला शिकते, शनिवारी येते. नोव्हेंबरात तिनं शेजारी बसून पाहिलं, डिसेंबरात मी सांगितलं आणि तिनं केलं. दुसरा पेन ड्राइव्ह आता तिच्याकडं आहे. माझी वही मी नव्यानं लिहून काढली, कारण "नेहमीसारखं करा" अशा ओळी माझ्यासाठी होत्या, तिला त्यातून काहीच कळत नव्हतं.

४ जानेवारी २०२६, रविवार. बिल्ड तिनं रात्री बांधली होती. मी मुद्दाम घरी थांबले नाही, बाबांबरोबर तूर कापायला गेले. साडेअकराला मामांच्या फोनवरून तिचा कॉल आला.

"ताई, ४७ वर अटकलं."

"फोनवर काय दिसते?"

"ओळी सरकून राह्यल्या."

"मंग थांब."

फेब्रुवारीचं बिल्ड तिच्याकडं आहे, मार्चचं माझ्याकडं. फुटक्या फोनची काच बदलायची आहे, ९०० सांगतात. ब्राउझरचे क्रमांक आता ती लिहिते.